मांजराची कविता आणि वाचनाची गोडी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)





चिटणीससाहेबांनी मला फोन करून विचारले की, गुरुजी, यंदा आपण कोणत्या विषयावर बोलणार? मी म्हटले, मांजरावर. पलीकडून काहीच आवाज येईना, तेव्हा मला वाटले फोन बंद पडला. मग ते हळूच म्हणाले, “विषय थोडा शैक्षणिक असता तर बरे झाले असते.” मी त्यांना शब्द दिला की भाषण शैक्षणिकच होईल, फक्त त्यात मांजर असेल. तो शब्द पाळण्याचा आता प्रयत्न करतो. न जमल्यास दोष मांजराचा नाही.

मी आयुष्यभर शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकवली. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. या काळात कितीतरी पालक माझ्याकडे आले. मुलाचे गणित कच्चे आहे, इंग्रजीचे स्पेलिंग चुकते, विज्ञानात लक्ष नाही, अशा तक्रारी घेऊन आले. “गुरुजी, आमचा मुलगा कविता वाचत नाही हो” असे म्हणत एकही पालक आला नाही. वाचणारा एखादा निघालाच, तर मात्र त्याचे वडील चिंतेने येत. पोराला वेळ वाया घालवायची सवय लागली आहे, काही उपाय सांगा, म्हणत! आणि गंमत अशी की हेच वडील एखाद्या लग्नात किंवा मैफलीत कुणी चांगला शेर म्हटला की मान डोलावून “वाह, वाह” करीत. म्हणजे कवितेशी त्यांचे वैर नव्हते. कविता अभ्यासाच्या टेबलावर आली की तिच्याशी काय करावे, हे त्यांना ठाऊक नव्हते, इतकेच.

म्हणून आज थोर विषय बाजूला ठेवून मुद्दाम मांजर घेतले आहे. मृत्यू, देश, प्रेम यांवरची कविता समोर आली की आपण सावरून बसतो, जणू कुणी पाहुणे आले आहेत. मांजरापुढे कोण सावरून बसणार? ते चुलीपाशी असते, भाकरीच्या टोपल्यापाशी असते आणि आपण ज्या चादरीवर झोपणार त्याच चादरीवर आपल्याआधी झोपलेले असते. आपल्या घरांत त्याला मानही आहे. सर्वांत अधिक हदीस ज्यांनी कथन केल्या, त्या हजरत अबू हुरैरा (र. अ.) यांचे हे नावच मुळी ‘मांजराच्या पिलाचा बाप’ अशा अर्थाचे आहे. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला काय शिक्षा मिळाली, ती हदीसही आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली असेल. आमच्या घरी मांजराला काठी मारली की आई आधी ती हदीस सांगे आणि मग तीच काठी आम्हाला दाखवी.

आता मीरकडे वळू. मीर तकी मीर 1723 मध्ये आग्र्याला जन्मले आणि 1810 मध्ये लखनऊला वारले. उर्दू गझलेचा हा बादशहा. मीर म्हटले की आपल्याला दुःख आठवते, उजाड झालेली दिल्ली आठवते. पण याच मीरने आपल्या गळक्या घरावर, पावसाळ्यात ढासळणाऱ्या भिंतींवरही मसनव्या लिहिल्या आहेत आणि एक मसनवी आपल्या मांजरीवर लिहिली आहे. मांजरीचे नाव मोहनी. ही मोहनी कुठून तरी येते आणि मीरच्या घरी मुक्काम ठोकते. हळूहळू घरातल्यांना तिचा लळा लागतो. पुढे दुःख असे की तिची पिले जगत नाहीत. मग घरात ताविज आणतात, दुआ मागतात, माणसाच्या बाळासाठी जे जे करायचे ते सगळे मांजरीसाठी करतात. शेवटी पिले जगतात आणि त्यांना घेऊन जाण्यासाठी लोक येऊ लागतात.

एवढीच गोष्ट. पण जरा थांबून पाहा. दिल्लीची लूट पाहिलेला, आपली माणसे गमावलेला हा शायर. मोठे दुःख त्याने गझलेत सांगितलेच आहे. इथे मात्र तो मांजरीच्या पिलांना नजर लागू नये म्हणून काय काय केले ते तपशीलवार सांगतो आणि ते सांगताना त्याला कुठेही संकोच वाटत नाही. मला स्वतःला ही मसनवी वाचून मीर अधिक जवळचा वाटू लागला. गझलेतला मीर माझ्यापासून लांब, उंचावर बसलेला असे. मोहनीच्या मसनवीतला मीर आमच्या मोहल्ल्यातला कुणीतरी वाटतो.

मसनवी म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांसाठी दोन वाक्यांत सांगतो. गझलेत पहिल्या शेरात जुळवलेला काफिया शेवटपर्यंत निभवावा लागतो. मसनवीत प्रत्येक शेराच्या दोन ओळी आपापसांत जुळतात, पुढच्या शेराला नवे यमक घेता येते. त्यामुळे लांबलचक गोष्ट सांगायला मसनवी सोयीची. मौलाना रूमींचा जो थोर ग्रंथ, त्याचे नावच मसनवी. त्या ग्रंथाची चाल आपल्या मराठीतल्या लगावलीत लिहिली तर अशी होते: गालगागा गालगागा गालगा. ‘गा’ म्हणजे लांब उच्चार, ‘ल’ म्हणजे आखूड. फार्सी वृत्ते मराठीत आणण्याचे मोठे काम माधव जूलियन यांनी केले. ते स्वतः फार्सीचे प्राध्यापक. 1925 साली त्यांनी फार्सी-मराठी कोश तयार केला, 1933 साली ‘गज्जलांजलि’ प्रसिद्ध केली. रूमीची चाल आणि मराठी शब्द यांच्यात परकेपणा नाही, हे त्यांनी पुष्कळ आधी दाखवून ठेवले आहे. आपणच विसरलो.

ही चाल कशी चालते ते पाहायला मी एक ओळ जुळवली आहे. तिच्यात काव्य शोधू नका. “मांजरी आली घरी रात्री पुन्हा.” आता ती मांडीवर ताल धरून म्हणा: मां-ज-री-आ, ली-घ-री-रा, त्री-पु-न्हा. गालगागा, गालगागा, गालगा. बसली ना बरोबर? आता तेच शब्द हलवून म्हणा: “रात्री पुन्हा मांजरी घरी आली.” अर्थ तोच. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. पण पहिल्या ओळीत मांजरी पावले टाकीत येते आणि दुसऱ्या ओळीत ती आल्याची फक्त बातमी मिळते. मुलांनो, परीक्षेत तुम्हाला ‘कवितेचा अर्थ गद्यात लिहा’ असा प्रश्न येतो, तेव्हा तुम्ही नेमके हेच करता. करा, गुण मिळवा. पण पेपर देऊन घरी आल्यावर पहिली ओळ पुन्हा एकदा मोठ्याने म्हणा.

मोठ्याने म्हणण्याचा मी आग्रह धरतो, कारण कविता ही डोळ्यांपेक्षा कानांची वस्तू आहे. आपल्याकडे मुशायऱ्याची परंपरा आहे, बैतबाजी आहे. शेवटच्या अक्षरावरून पुढचा शेर म्हणायचा, न सुचला की हरायचे. माझ्या लहानपणी पावसाळ्यात रात्री वीज गेली की मोठी माणसे कंदिलाभोवती बसून बैतबाजी करीत. त्यांतल्या दोघांना सहीसुद्धा धड करता येत नसे. शेर मात्र शेकड्यांनी पाठ. आज घरात सगळे शिकलेले आहेत, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, त्या मोबाईलमध्ये जगातल्या सगळ्या भाषांची कविता फुकट मिळते, आणि चार शेर पाठ असलेला माणूस शोधावा लागतो. मोबाईलवर राग काढण्यात अर्थ नाही. मोहनीची मसनवी हवी तेव्हा मीही आता त्याच्यावरच काढून वाचतो.

फार्सीत मांजरावर सर्वांत प्रसिद्ध कविता ‘मूश ओ गुर्बा’ म्हणजे उंदीर आणि मांजर. चौदाव्या शतकातील उबैद जाकानी यांच्या नावावर ती सांगितली जाते. किरमान शहरातला एक दांडगा बोका एक दिवस तौबा करतो, नमाजी होतो. उंदरांना आनंद होतो. त्यांचे पुढारी नजराणे घेऊन, ताटे सजवून त्याच्या भेटीला जातात. पुढे काय होते ते सांगायला नको. “सौ चूहे खाके बिल्ली हज को चली” ही म्हण आपण रोज वापरतो, तिचीच ही गोष्ट समजा. मग उंदीर सैन्य जमवतात, लढाई होते, बोका पकडला जातो, फाशीची तयारी होते आणि ऐनवेळी तो दोर तोडून सुटतो. इराणात पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ही कविता चित्रांसह हसत हसत वाचली. मोठ्यांनी वाचली तेव्हा त्यांना त्यात आपल्या काळचे हाकीम आणि ढोंगी दिसले. ढोंगी मांजराची ही कल्पना आपल्या देशातही जुनीच आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात तपस्वी मांजराची गोष्ट येते, आणि महाबलिपुरमला सातव्या शतकातल्या त्या प्रचंड शिल्पात उभे राहून तप करणारे मांजर आणि त्याच्या पायाशी उंदीर कोरलेले आहेत. कधी सहलीला गेलात तर हत्तींच्याच बाजूला पाहा. मार्गदर्शक हत्ती दाखवतो आणि पुढे जातो.

आता एक दुःखाची कविता. दहाव्या शतकाच्या आरंभी बगदादला इब्न अल-अल्लाफ नावाचा एक अंध कवी होता. त्याने एका मांजराचा मरसिया लिहिला. हे मांजर शेजाऱ्यांच्या कबुतरखान्यात शिरून पिले खाई. एक दिवस शेजाऱ्यांनी त्याला पकडून मारले. कवी त्याच्यासाठी रडतो आणि रडता रडता रागावतोही: तुला घरी काय कमी होते, का गेलास त्या बुरुजांवर, हाव कशाला केलीस? वाचणाऱ्याला हसू येते आणि घशाशी काही अडकतेही. पुढे तेराव्या शतकात इब्न खल्लिकान यांनी थोरांची चरित्रे लिहिली, त्यांत या मरसियाबद्दल एक जुना तर्क नोंदवला आहे. अब्बासी घराण्यातला कवी-राजपुत्र इब्न अल-मुअतज 908 साली एका दिवसापुरता खलीफा झाला आणि मारला गेला. इब्न अल-अल्लाफचा त्याच्यावर जीव होता. पण नव्या खलीफाच्या राज्यात त्याच्यासाठी उघड रडणे म्हणजे आपलीही मान देणे. म्हणून त्याने मांजराच्या नावाने रडून घेतले, असे लोक म्हणत. दुसरे तर्कही सांगितले जातात. मांजर खरेच मांजर असेल, राजपुत्र असेल किंवा आणखी कुणी असेल.

विद्यार्थी मला विचारतात, “गुरुजी, मग बरोबर उत्तर कोणते?” या प्रश्नाची मला फार भीती वाटते. का वाटते ते थोड्या वेळाने सांगतो.

इंग्रजीत तर मांजरांची रांगच आहे, आणि इथे मला घाई केली पाहिजे, कारण अध्यक्ष मघापासून घड्याळाकडे पाहत आहेत. थॉमस ग्रे याने 1747 साली आपला मित्र होरेस वॉलपोल याच्या मांजरीवर ओड लिहिली. ही मांजरी सोनेरी माशांच्या चिनी भांड्यात पडून बुडाली होती. ग्रे याने तिच्यावर अशी भरजरी भाषा वापरली की जणू ट्रॉयची एखादी राणी गेली. विनोद सगळा त्या भाषेतच आहे. डॉक्टर जॉन्सनना मात्र ती कविता आवडली नाही आणि त्यांनी तसे लिहूनही ठेवले. जॉन्सन स्वतः मांजरवेडे. त्यांच्या हॉज नावाच्या मांजरासाठी कालवे आणायला ते स्वतः बाजारात जात. नोकराला पाठवले तर तो कंटाळून मांजराचा राग करील, ही काळजी! लंडनला त्यांच्या घरासमोर 1997 साली हॉजचा पुतळा बसवला आहे, शेजारी कालवाचे शिंपलेही आहेत. कोकणातल्या माणसाला हे मांजर लगेच आपले वाटेल.

क्रिस्टोफर स्मार्ट हा कवी 1759 ते 1763 या काळात वेड्यांच्या इस्पितळात होता. तिथे सोबतीला जेफ्री नावाचे त्याचे मांजर. आपल्या एका दीर्घ प्रार्थना-काव्यात त्याने सत्तरहून अधिक ओळी या मांजरावर लिहिल्या. सकाळी उठून ते अंग कसे चाटते, पंजे कसे ताणते, आणि हे सगळे करून ते आपल्या निर्मात्याची बंदगी कशी करते. हस्तलिखित पावणेदोनशे वर्षे पडून होते, ते 1939 साली छापले गेले. त्याच वर्षी टी. एस. एलियटचे मांजरांच्या कवितांचे पुस्तक आले. ‘द वेस्ट लँड’ लिहिणारा, पुढे 1948 साली नोबेल मिळवणारा, जगाला दुर्बोध वाटणारा कवी! मित्रांच्या मुलांना पत्रांतून पाठवलेल्या या कविता. त्यांवर 1981 साली लंडनला संगीत नाटक आले आणि 21 वर्षे चालले. ज्यांनी एलियटची दुसरी एक ओळही वाचली नाही अशा लाखो लोकांनी त्याची मांजरे पाहिली. प्राध्यापक मंडळींना हे थोडे खटकते. मला खटकत नाही.

आपल्या इक्बालनेही मांजरावर लिहिले आहे, हे सांगितले की पुष्कळांना खरे वाटत नाही. ‘बांग-ए-दरा’ या 1924 च्या संग्रहात ती कविता आहे. कुणाच्या तरी मांडीवर मांजर पाहून ती सुचली, एवढे शीर्षकावरून कळते. पण कुणाच्या, तिथे कवीने नाव न लिहिता फक्त रेघ ओढली आहे. कविता मांजरीच्या तिरप्या नजरेच्या थट्टेने सुरू होते आणि पाहता पाहता प्रेम हे सृष्टीतल्या प्रत्येक वस्तूत कसे भरलेले आहे, तिथवर जाऊन पोचते. ती रेघ मला फार आवडते. कवीने हळूच दार लोटून घेतले आणि मांजर तेवढे बाहेर ठेवले.

आता ज्या कवितेसाठी मी हा सारा पसारा मांडला, तिच्याकडे येतो. नवव्या शतकातला एक आयरिश संन्यासी. मायभूमीपासून दूर, युरोपच्या एका मठात राहून अभ्यास करणारा. त्याची टिपणवही आज ऑस्ट्रियातल्या एका मठात जपून ठेवली आहे. तीत व्याकरण, स्तोत्रे, अभ्यासाची टाचणे यांच्या मध्येच त्याने आपल्या पांढऱ्या मांजरावर चार-चार ओळींची आठ कडवी लिहून ठेवली आहेत. मांजराचे नाव पांगुर. कवीचे नाव कुणाला ठाऊक नाही, मांजराचे अकराशे वर्षे टिकले. कविता म्हणते की, आम्ही दोघे एका खोलीत आपापले काम करतो. ते उंदीर शोधते, मी अर्थ शोधतो. त्याची नजर भिंतीवर, माझी पुस्तकावर. त्याला उंदीर सापडला की ते खूष, मला कठीण जागा उलगडली की मी खूष. कुणी कुणाच्या आड येत नाही.

मी तरुणपणी इंग्रजीवरून तिचे वेडेवाकडे मराठी केले होते. एकदा ऑफ तासाला आठवीच्या वर्गात ते फळ्यावर लिहून दिले. मुलांना आवडले. आवडले म्हणून मला हुरूप आला आणि त्या भरात मी चूक केली. पुढच्या चाचणीत पाच गुणांचा प्रश्न घातला: कवितेचा मध्यवर्ती विचार लिहा. मला ‘ज्ञानसाधनेतील एकाग्रता’ असे उत्तर हवे होते. बहुतेकांनी मी सांगितलेले तसेच्या तसे लिहिले. एका मुलाने लिहिले की, तो माणूस एकटा आहे, त्याचे घर लांब आहे, त्याच्याशी बोलायला कुणी नाही, म्हणून तो मांजराला ‘आम्ही दोघे’ म्हणतो. खाली आणखी एक ओळ होती: माझे बाबा बोटीवर आहेत, तिथे मांजर नाही.

मी त्याला शून्य दिले. लाल शाईने लिहिले, ‘विषयाला सोडून.’ तीस-पस्तीस वह्या तपासायच्या होत्या, रात्र झाली होती. ही सबब मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहे.

ही गोष्ट मी पार विसरलो होतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्या घरी आले. कुवेतला क्रेन चालवतात, महिन्याच्या सुटीवर आले होते. मुलीच्या कॉलेज प्रवेशाबद्दल सल्ला हवा होता. ते बोलणे झाल्यावर उठता उठता म्हणाले, “सर, ती पांगुरची कविता आठवते का?” आणि उभ्याउभ्याच त्यांनी आठही कडवी म्हणून दाखवली. माझे मला दुसऱ्याच्या पुढे आठवेना. ते सांगत होते की, तिकडे कॅम्पमध्ये मेसच्या मागे मांजरे जमतात, रात्रपाळी करून आलो की त्यांना हाडके टाकतो आणि हे म्हणतो. मी विचारले, “आणखी काय वाचता?” तर म्हणाले, “नाही सर. कविता मला कळत नाही, ते तेव्हाच कळलं होतं ना. शून्य मिळालं होतं.” हसत हसत म्हणाले. मनात राग नव्हता. मला मात्र बसलेल्या जागेवरून उठता येईना.

तुम्हाला सांगतो, अलीकडे त्या कवितेवर मोठ्या विद्वानांनी जे लिहिले आहे त्यात एकाग्रता आहेच, पण परदेशातला एकांत आणि सोबत हेही आहे. त्या मुलाला ते तेराव्या वर्षी दिसले होते, कारण त्याचे वडील बोटीवर होते. मला दिसले नव्हते. तरी मला कवितेची आवड होती, माझे पुस्तकांचे कपाट भरलेले होते. म्हणून मघाशी म्हटले की ‘बरोबर उत्तर कोणते’ या प्रश्नाची मला भीती वाटते.

पालकहो, तुम्हाला माझे सांगणे थोडे आहे. घरात आठवड्यातून एखाद्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटे कुणीतरी एक कविता मोठ्याने वाचावी. उर्दू, मराठी, इंग्रजी, आजीला येत असलेले कोकणी गाणे, काहीही चालेल. वाचून झाल्यावर ‘काय समजले’ असे विचारू नका. मुलाला काही बोलायचे असेल तर तो बोलेल. तो म्हणाला की मांजर आवडले, तर मांजर आवडले. घरात आजी असेल आणि तिला जुनी गाणी येत असतील तर ती वहीत उतरवून घ्या. आमच्या आईला दळतानाची किती गाणी येत होती! मी इंग्रजी कवींची चरित्रे पाठ करीत राहिलो, तिचे एकही गाणे लिहून घेतले नाही, आणि आज मला त्यांतल्या फक्त चाली आठवतात.

याने गुण वाढतील का, असे मागे एका पालकांनी विचारले होते. मी तसा शब्द देत नाही. भाषा सुधारते, उच्चार सुधारतो, हा माझा वर्गातला अनुभव आहे. पण ज्या गुणांच्या भीतीने मी एका मुलाचे कवितेचे दार बंद केले, त्याच गुणांचे आमिष दाखवून ते पुन्हा उघडा, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

त्या दिवशी त्या गृहस्थांनी जाताना मला विचारले, “सर, ते पांगुर पुढं मेलं असेल, नाही का? संन्याशानं मग काय केलं असेल?” मी म्हटले, “वहीत पुढे तसे काही लिहिलेले नाही.” ते म्हणाले, “बरं झालं.” मग मुलीकडे वळून म्हणाले, “हिला लिहून द्या ना तेवढी कविता. माझ्या तोंडून ऐकून तिला पाठ झाली आहे, पण कागदावर नाही.” मी माझी जुनी वही काढली. दोन ओळी पुसट झाल्या होत्या, मला वाचता येईनात. त्या मुलीने सांगितल्या आणि मी लिहून घेतल्या.

ती मुलगी आज इथे आली आहे. अध्यक्षांची परवानगी असेल तर माझी उरलेली पाच मिनिटे मी तिला देतो. ती तुम्हाला ती कविता म्हणून दाखवील.